उजवीकडचा वरचा

"उजवीकडचा वरचा," श्रीपती म्हणाला आणि मागं न बघताच त्यानं हात माझ्याकडं केला.

तळव्यात काळ्या तेलानं माखलेला बोल्ट होता. मी तो चिंधीनं पुसला आणि मांडीवरच्या पुठ्ठ्यात, उजवीकडं वर पाडलेल्या भोकात खोचला.

"खोचलास?"

"खोचला."

"उजवीकडचा मधला. हे बघ वैजू, इकडचा तिकडं व्हायला नको. दिसायला सगळे सारखे, पण कुणी आखूड, कुणी लांब. ज्याचं भोक त्याला."

"कळलं मला."

"कळणारच. उगाच का बी.एस्सी. आहेस!"

"बीयस्सी झालं म्हणून काय झालं," खाटेवरून आत्या म्हणाल्या, "ध्यान ठिकाणावर पायजे."

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्या मांडीवर माझी दहा महिन्यांची मुलगी भाकरीचा तुकडा चोखत बसली होती. मी तिचं नाव मोठ्या हौसेनं मृण्मयी ठेवलं होतं. बारशालाच आत्यांनी दोनदा जीभ अडखळवून बघितली आणि म्हणाल्या, "ह्ये काय नाव हाय का मुरमुरं?" तेव्हापासून त्या तिला मुरमुरीच म्हणायच्या. खाटेच्या पायाशी त्यांची पिशवी होती, आणि तिच्याशेजारी दुसरी एक, लहान. त्या लहान पिशवीत मृण्मयीची झबली, दुपटी आणि दुधाची वाटी भरायची होती. चार वाजता गाडी निघायची होती.

गाडी दारातच होती. दूध शीतकरण केंद्राच्या त्या दोन खोल्यांच्या क्वार्टरला दार एकच. बाहेर आषाढातला वारा नुसता उसळलेला. आमच्या त्या दुष्काळी मुलखात आषाढ म्हणजे पाऊस नाही, वारा. धूळ इंजिनात जाईल म्हणून श्रीपतीनं मोटारसायकल उंबरा ओलांडून आत घेतली होती आणि मधल्या स्टँडवर चढवली होती. तिचं मागचं चाक चौकटीत होतं. कुणाला बाहेर जायचं तर सीटवरून टांग टाकून जावं लागत होतं. सकाळपासून मी बाहेर गेले नव्हते.

या गोष्टीला वीस वर्षं झाली. तोंडावर मी नवऱ्याला आजही अहोजाहोच करते, पण ही गोष्ट आठवताना तो मला तेव्हाच्यासारखा एकेरीच दिसतो. सव्वीस वर्षांचा, बनियनवर, कपाळाला तेलाचा फराटा, आणि स्वतःवर खूश. केंद्रावर तो रोज दुधाचे पंप खोलायचा आणि जोडायचा. गाडीचा क्लच सटकायला लागला, चढावर गाडी नुसतीच गुरगुरायला लागली, आणि नेमका मेस्त्री पंढरीच्या वारीला गेलेला. तेव्हा हा म्हणाला, "क्लच प्लेटा तर बदलायच्या. त्यात काय! मेस्त्री करतो तेव्हा मी शेजारीच बसलेला असतो."

एसटीचा संप होता. वडापाच्या जीपा माणसं टपावर बसवून चालल्या होत्या. त्या कोंबाकोंबीत आत्यांना उलट्या व्हायच्या, आणि "लेकराला घिऊन तर न्हायच न्हाय," असं त्यांनी सांगून टाकलं होतं. वाडी चाळीस किलोमीटर, मध्ये घाट. म्हणजे गाडी झाली तर मृण्मयी आज जाणार. नाही झाली तर नाही.

"उजवीकडचा खालचा."

मी खोचला.

मला विचारलं कुणीच नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी एका भर दुपारी मी झोपलेल्या मृण्मयीला खांद्यावर टाकून चार किलोमीटर चालत तालुक्याच्या डॉक्टरांकडं गेले होते. तिचा श्वास मला मोजून कमी वाटला होता. डॉक्टरांनी तिला तपासलं, ती जागी होऊन त्यांच्याकडं बघून हसली. मग त्यांनी मला तपासलं. संध्याकाळी श्रीपतीला बोलावून म्हणाले, बाळ ठणठणीत आहे, आईला विश्रांतीची गरज आहे. त्यानं त्याचा अर्थ आपल्या परीनं लावला आणि आईला बोलावून घेतलं.

आत्यांनी दोन दिवस नुसतं बघितलं. मी पाणी किती वेळा उकळते ते, दाराला कडी लावून परत ओढून बघते ते, आणि माझी वही. त्या वहीत मी मृण्मयी किती वाजता किती प्याली, किती वेळा ओली केली, किती झोपली, सगळं लिहायची. तिसऱ्या दिवशी त्या श्रीपतीला म्हणाल्या, "हिच्या डोक्याचा ताळ सुटलाय. पोरगी दिवाळीपातूर माझ्याकडं ऱ्हाऊ दे." मी मोरीत कपडे धूत होते. पाणी बंद करून ऐकलं. श्रीपती म्हणाला, "थोडेच दिवस म्हणजे... बरं."

दिवाळीला साडेतीन महिने होते. दहा महिन्यांच्या मुलीला साडेतीन महिन्यांत आई विसरते की नाही, हे मला ठाऊक नव्हतं. मी ते कुठं वाचलंही नव्हतं. विचारायचं तरी कुणाला?

तेव्हा मी मनाशी एकच ठरवलं. रडायचं नाही, भांडायचं नाही. रडले असते तर आत्या म्हणाल्या असत्या, बघ. म्हणून श्रीपतीनं "बोल्ट सांभाळशील का?" असं विचारल्यावर मी लगेच हो म्हणाले. नऊ बोल्ट. नवाचे नऊ ज्याच्या त्याच्या जागी परत दिले की माझं डोकं ठिकाणावर आहे, हे त्यांना दिसेल. आदल्या दुपारी मी नव्या पॅकिंगचा आकार पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं आखून घेतला होता. पॅकिंग म्हणजे इंजिन आणि त्याचं झाकण यांच्यामध्ये बसणारा जाड कागद. त्यालाही झाकणासारखीच नऊ भोकं. प्रत्येक भोकाच्या जागी मी दाभणानं पुठ्ठ्याला भोक पाडलं होतं. एका बाजूला फुगवटा होता तिथं, श्रीपतीला विचारून, सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'किक'. दुसऱ्या बाजूच्या फुगवट्याशी 'ऑईल'.

"वा!" असं म्हणून त्यानं तो पुठ्ठा आत्यांना दाखवला होता. "मेस्त्रीकडं पण नाही असा."

मला बरं वाटलं होतं. आणि मग मोरीत जाऊन तोंड धुताना लक्षात आलं, की काम जितकं नीट होईल तितकी गाडी नक्की सुरू होईल. माझ्या हातून चूक झाली तर मी वेडी, म्हणून पोरगी जाणार. चूक झाली नाही तर गाडी नीट, म्हणून पोरगी जाणार. मी तोंडावर पाणी मारतच राहिले.

"डावीकडचा वरचा," श्रीपती म्हणाला.

"हा लांब आहे."

"असू दे की. तिकडचे लांबच असतात. डावीकडचा मधला."

नऊ झाले. मी बोटानं मोजले. मग पुन्हा मोजले.

"नऊचं नऊच हाईत," आत्या म्हणाल्या. "अंडी घालत न्हाईत ती."

श्रीपती खो खो हसला. मृण्मयीही त्याच्याकडं बघून हसली. मी पण हसले. हसणं चांगलं दिसतं.

झाकण निघालं. खाली ठेवलेल्या घमेल्यात उरलेलं तेल ठिबकलं. श्रीपतीनं क्लचच्या जुन्या, काळवंडलेल्या प्लेटा एकेक करून काढल्या, नव्या तेलात बुडवून चढवल्या. मध्येच जीभ दातांत धरत होता. झाकण त्यानं रॉकेलच्या डब्यात ब्रशनं घासून धुतलं, तसा इतक्या वर्षांचा चिखल जाऊन ते चांदीच्या ताटासारखं झालं. दीड वाजले. मी भाकरी टाकल्या, तिघं तिथंच जेवलो. मृण्मयीला वरण-भात मी भरवला. "किती घास झालं, लिवलं का वहीत?" आत्यांनी विचारलं. मी म्हणाले, "आज नाही लिहीत." खरं तर अकरा झाले होते.

जेवणानंतर श्रीपतीनं नवं पॅकिंग घेतलं, त्याला बोटानं ग्रीस लावलं आणि इंजिनाला चिकटवलं. "बसलं बघ कसं, मोजून-मापून."

मी बघितलं. कागदावर कंपनीची निळी अक्षरं छापलेली होती आणि ती बाहेरच्या बाजूला, माझ्याकडं तोंड करून होती.

मी बघतच राहिले. काहीतरी चुकत होतं. ती अक्षरं मी काल बघितली नव्हती. आखताना माझ्यासमोर होता तो नुसता करडा कागद.

मग कळलं. मी पॅकिंग छापील बाजू खाली घालून आखलं होतं. विचार करून नाही, हाताच्या सवयीनं. आईनं मला शिवण शिकवताना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, कापड सुलट्या बाजूनं आखायचं नाही, रेघा उमटतात. छापील बाजू खाली, उलटी वर. मृण्मयीची सगळी झबली मी तशीच बेतली होती. कागद हातात आला आणि मी तो कापडासारखा अंथरला.

म्हणजे माझ्या पुठ्ठ्यावरचं सगळं उलटं होतं, आरशात दिसावं तसं. इंजिनावर किकचा फुगवटा डावीकडं होता, पुठ्ठ्यावर उजवीकडं. श्रीपतीनं "उजवीकडचा" म्हणून दिलेले बोल्ट इंजिनाच्या ऑईलच्या बाजूचे होते, आणि मी ते उजवीकडंच खोचले होते. पण पुठ्ठ्यावर उजवीकडं माझ्याच सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं, 'किक'. आखूड बोल्ट किकपाशी, लांब बोल्ट ऑईलपाशी. असायला हवे होते बरोबर उलटे.

"आण तो पुठ्ठा," श्रीपती म्हणाला.

मी दिला.

त्यानं झाकण लावलं, पुठ्ठा शेजारी जमिनीवर ठेवला आणि त्याच्याकडं बघून बोल्ट घ्यायला लागला. आता तो डावा-उजवा म्हणत नव्हता. मी एवढं लिहून ठेवलेलं असताना त्याला त्याची गरज नव्हती. "हा वरचा मधला." तो बरोबर होता, मधले कुठूनही मधलेच. "हा खालचा. हे झाले किकचे तीन." आखूड बोल्ट खोल भोकांत शिरले, दोन-तीन आट्यांवर धरले आणि बसले. "बघ, लोण्यासारखे गेले."

बोलायला वेळ होता. हे मला इथं लिहायलाच हवं. तो पान्यानं एकेक बोल्ट हळू आवळत होता, मध्ये थांबून हात पुसत होता. "अहो, थांबा," एवढे दोनच शब्द. तो थांबला असता, बोल्ट काढून अदलाबदल केली असती, दहा मिनिटांचं काम. आणि आत्या म्हणाल्या असत्या, बघ. साधा डावा-उजवा कळंना हिला. आणि चार वाजता ते निघाले असते.

"आता ऑईलचे," असं म्हणून त्यानं लांब बोल्ट उचलला.

"तिची कानटोपी कुठं हाय गं?" आत्यांनी विचारलं. त्या लहान पिशवी भरायला लागल्या होत्या. "घाटात वारं लागंल."

"ट्रंकेत," मी म्हणाले.

"ट्रंकंत न्हाय."

"डाव्या कोपऱ्यात बघा. दुपट्यांच्या खाली."

"हा काय पूर्ण बसंना," श्रीपती स्वतःशीच म्हणाला. "डोकं वरच आहे अजून. दोन सूत."

मी त्या बोल्टाकडं बघत होते. भोकाचा तळ आला होता. त्याच्या पुढं जागाच नव्हती.

"घावली," आत्या म्हणाल्या. "गुलाबीच न्हवं?"

"गुलाबीच."

श्रीपतीनं पाना दोन्ही हातांनी धरला. त्याच्या दंडाची शीर वर आली. मी तोंड उघडलं. काय बोलणार होते ते मला आजही सांगता येत नाही; कदाचित 'थांबा', कदाचित टोपीचंच काहीतरी.

कट्, असा आवाज झाला. मोठा नाही. सुपारी फुटावी तसा.

इंजिनाच्या अंगाचा, बोल्टाच्या भोकाभोवतीचा नखाएवढा तुकडा निसटून फरशीवर पडला. त्याच्या वर, पांढऱ्या धातूत, केसासारखी चीर पार आत गेलेली.

श्रीपतीनं पाना खाली ठेवला. तुकडा उचलला, तिथं लावून बघितला, लहान मूल खेळणं मोडल्यावर लावून बघतं तसा. तो राहिला नाही.

"इंजिनच फुटलं," तो म्हणाला. "झाकण असतं तर बदललं असतं. हे इंजिनच." मग स्वतःच्या उजव्या हाताकडं बघितलं. पंजा उघडला, मिटला. "मला कळलंच नाही किती जोर लागला."

मी "जाऊ दे" म्हणाले. तो माझ्याकडं न बघता उठला, सीटवरून टांग टाकून बाहेर गेला आणि केंद्राच्या नळाशी जाऊन हात धुवायला लागला. खिडकीतून मला दिसत होतं. साबण संपला तरी तो धूतच होता.

आत्या खाटेवरून उतरल्या. मृण्मयीला माझ्याकडं दिलं. सकाळपासून पहिल्यांदाच ती माझ्या हातात जेवणाशिवाय आली. आत्या गाडीजवळ उकिडव्या बसल्या आणि चीर बघितली. अर्धवट घुसलेला तो लांब बोल्ट हातानंच उलटा फिरवून काढला, डोळ्यासमोर धरला. मग शेजारचा पुठ्ठा उचलला.

वाडीत त्या चाळीस वर्षं हातमशीनवर पोलकी शिवत होत्या. अख्ख्या वाडीच्या बायका त्यांच्याकडं यायच्या. माझ्या हे तेव्हा डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

त्यांनी पुठ्ठा इंजिनासमोर धरला. तिरका केला, सरळ केला. जमेना. मग तो उलटा केला, मागची कोरी बाजू स्वतःकडं घेतली आणि पुन्हा धरला. फुगवट्यावर फुगवटा आला.

"उलटीकडनं आखलंस," त्या म्हणाल्या.

मी मृण्मयीला घट्ट धरलं. "हो."

"छापील बाजू खाली घालून."

"सवय आहे हाताला."

"सवय मलाबी हाय." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "कवा कळलं तुला?"

खोटं बोलायला ही सगळ्यात सोपी जागा होती. 'आत्ता, तुम्ही सांगितल्यावर.' एवढंच. पण त्यांचे डोळे असे लागले होते, सुईत दोरा घालताना लागतात तसे, की मला सुचलंच नाही.

"त्यांनी पॅकिंग बसवलं तेव्हा," मी म्हणाले.

"म्हंजे बोल्ट घालायच्या आदी."

"हो."

बाहेर नळ अजून चालूच होता. मृण्मयीनं माझं मंगळसूत्र तोंडात घातलं. मी ते काढलं नाही. आता त्या काय बोलणार, हे मला पाठ होतं. श्रीपतीला हाक मारतील. मग डॉक्टर, मग माझं माहेर, मग मृण्मयी त्यांच्याकडं, दिवाळीपर्यंत नाही, कायमचीच.

आत्यांनी पुठ्ठा मांडीवर ठेवला. "आनि मी तुला टोपी इचारली तवा तू निवांत सांगितलंस. डाव्या कोपऱ्यात, दुपट्याखाली."

मी मृण्मयीच्या तोंडातून मंगळसूत्र काढलं.

"माझ्या सासूनं माझा थोरला सा म्हैन्याचा असताना नेला हुता," त्या म्हणाल्या. "माझं दूध कमी हाय म्हणून. मी नुसती रडत बसलीया दारात." त्यांनी नाकानं श्वास सोडला, हसल्यासारखा. "मला वाटलं हुतं, हिचं डोकं फिरलंय. फिरलेल्या डोक्याची कामं न्हवंत ही."

मग त्या भराभर कामाला लागल्या. पुठ्ठ्यातले उरलेले बोल्ट उपसून काढले, झाकणाला लावलेले तेवढे पान्यानं सोडवले, आणि नवाचे नऊ बोल्ट बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात ओतून डबा गदागदा हलवला. आता कुठला कुठला होता ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पुठ्ठा दुमडून चुलीत सारला. तेलकट होता, भसकन पेटला.

"श्रीपाला सांगू नगंस," त्या म्हणाल्या. "आज न्हाय, आनि कवाच न्हाय. आपल्या हातनं मोडली म्हटलं तर गडी सोसंल. बायकूनं मोडू दिली हे त्याला सोसायचं न्हाय."

"आणि तुम्ही?"

"मी काय? मला दिसत न्हाय नीट. मोतीबिंदू हाय."

लहान पिशवीतली झबली त्यांनी एकेक करून काढली, झटकली आणि ट्रंकेत ठेवली. गुलाबी टोपी सगळ्यांत शेवटी.

बुधवारी त्या वडापानं गेल्या, एकट्याच. जीपमध्ये चढताना पदर नाकाला लावला होता. मृण्मयीच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली आणि मला म्हणाल्या, "ती वही फाडून टाक. घास मोजल्यानं प्वार वाढत न्हाय." वही मी फाडली नाही, पण हळूहळू लिहिणं बंद झालं. कधी झालं ते मात्र सांगता येणार नाही, कारण लिहून ठेवलेलं नाही.

मेस्त्री वारीहून परतला तेव्हा त्यानं चीर बघितली आणि डबा उघडला. "कुठला बोल्ट कुठं घातला होता, साहेब?"

"सगळे मिसळलेत," श्रीपती म्हणाला. "पण घालताना बरोबर घातले होते. हिनं एकेक मांडून ठेवले होते."

मेस्त्रीनं माझ्याकडं बघितलं. मी चहा ओतत होते.

"मग हात जड पडला तुमचा," मेस्त्री म्हणाला. "हे लोखंड नव्हं साहेब, अल्युमिनियम हाय. अंदाज लागतो हाताला. परत्येकाला नसतो."

तो हे सहज म्हणाला. दुसऱ्या मिनिटाला विसरलाही असेल. इंजिन सांगलीहून जोडून आलं, गाडी पुढं नऊ वर्षं चालली. पण श्रीपतीनं परत कधी पाना हातात घेतला नाही. केंद्रावरसुद्धा पंप खोलायचा झाला तर तो शेजारी उभा राहून दुसऱ्याला सांगायचा. पुढं त्यानं नोंदी ठेवण्याचं टेबल मागून घेतलं. मृण्मयीला तो आधी हवेत उडवून झेलायचा, ते थांबलं. चालायला शिकताना ती त्याचं बोट धरायची, तर तो स्वतः तिचा हात धरायचा नाही, बोट नुसतं पुढं करून ठेवायचा. मी म्हणायची, "धरा की तिला." तो म्हणायचा, "धरलंय की."

मी कितीदा तरी सांगायला गेले आहे. एकदा, आत्या गेल्या त्या वर्षी, अगदी तोंडाशी आलं होतं. आता लपवायला दुसरं कुणी उरलं नव्हतं. पण इतक्या वर्षांनी सांगायचं तरी काय? तुमच्या हातात काही खोट नव्हती, हे सांगायचं, तर त्याच्या पुढचं वाक्यही सांगावं लागतं.

मृण्मयी आता पुण्याला शिकते. गेल्या आठवड्यात ती घरी आली होती. सकाळी परत निघताना श्रीपतीनं तिच्यासाठी पाण्याची बाटली भरली आणि तिच्या हातात दिली. तिनं ती बॅगेत ठेवली, तर पाणी गळायला लागलं.

"बाबा! झाकण कायम असं अर्धवट का लावता तुम्ही? शाळेत माझी सगळी पुस्तकं भिजायची."

"आईकडं दे बाई," तो म्हणाला आणि हात पाठीमागं घेतले. "माझ्या हाताला अंदाज नाही. मोडेल बिडेल."

मृण्मयी हसली. तिनं बाटली माझ्यापुढं धरली.

मी ती घेतली, झाकण घट्ट आवळलं आणि परत दिली.